गोवर : पहिला डोस झाला, दुसऱ्याचे काय?

"डॉक्टर, गोवर काय, लहानपणी सगळ्यांनाच येऊन जातो. आम्हालाही आला होता," असे सांगणारे आजी-आजोबा दवाखान्यात नेहमी भेटतात. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पूर्वी गोवर बहुतेक सर्व मुलांना येत असे हे खरे. पण तो सर्वांना सोडून जात नसे. ज्यांना त्याने सोडले नाही, ती मुले आपला अनुभव सांगायला आज आपल्यात नाहीत. म्हणूनच गोवर हा किरकोळ आजार आहे असा समज घराघरांत टिकून राहिला आहे.

गोवर हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. खोकल्या-शिंकण्यातून तो हवेत पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास विषाणू तेथे राहू शकतो. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. सुरुवातीला चांगलाच ताप, कोरडा खोकला, नाक गळणे, डोळे लाल होऊन पाणी येणे ही लक्षणे दिसतात. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. तीन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर लाल पुरळ उठते आणि मग ते खाली अंगभर पसरते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवसांपर्यंत मूल इतरांना आजार देते. म्हणजे गोवर आहे हे घरच्यांना कळते, तोवर शेजारच्या मुलांपर्यंत तो पोहोचलेला असतो.

खरा धोका पुरळाचा नसून त्यामागून येणाऱ्या गोष्टींचा असतो. न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणे, 'अ' जीवनसत्त्व कमी होऊन डोळ्यांवर फूल पडणे आणि क्वचित मेंदूला सूज येणे, असे गोवराचे उपद्रव आहेत. कुपोषित मुलाला तर हा आजार फारच जड जातो. शिवाय गोवर शरीराने आधी कमावलेली रोगप्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आणले. गोवर बरा झाल्यावर काही महिने मूल सारखे आजारी का पडते, या आयांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

दोन डोस कशासाठी?

आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ साली आली. पुढे बरीच वर्षे ती नवव्या महिन्यात एकदाच दिली जात असे. दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने गोवर आणि रुबेला यांची एकत्रित लस आली. महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. आता पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळतो.

एक डोस पुरत नाही काय, असे पालक विचारतात. आईकडून आलेले संरक्षण बाळाच्या अंगात काही महिने राहते आणि ते लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून नववा महिना गाठावा लागतो. तरीही त्या वयात दिलेला डोस १०० पैकी सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण देतो. दुसऱ्या डोसाने हे प्रमाण ९५ च्या पुढे जाते.

आता थोडा हिशेब करू. एखाद्या वस्तीत वर्षाला १०० मुले जन्मली. त्यांतील ९० जणांना पहिला डोस मिळाला, तर आपण समाधानाने मान डोलावतो. पण ९० पैकी सुमारे ७६ मुलेच सुरक्षित झाली. लस न मिळालेली १० आणि लस लागू न पडलेली १४, अशी २४ मुले उघडी राहिली. दुसरा डोस नसेल तर पुढच्या वर्षी आणखी २४, त्यापुढच्या वर्षी आणखी २४. चार-साडेचार वर्षांत जवळजवळ एका पूर्ण वर्षाची मुले कोरड्या पाल्यासारखी साठतात. मग एक ठिणगी पुरते. गोवराची साथ दर काही वर्षांनी का उसळते, याचे कारण हेच. ती थोपवायची तर १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत, आणि तेही दरवर्षी, प्रत्येक वस्तीत.

२०२२ ची साथ

आपण ही ठिणगी फार दूर नाही, याच पट्ट्यात पाहिली. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी येथे ४८ तासांच्या आत मुले दगावल्याच्या बातम्या आल्या आणि सर्वांचे लक्ष गोवराकडे गेले. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव आणि ठाणे येथे रुग्ण वाढले. कल्याण-डोंबिवलीतही रुग्ण सापडले. केंद्राचे पथक मुंबईत आले, राज्याने कृती दल नेमले. दगावलेल्यांत बहुतांश लहान वयाची आणि लस न घेतलेली मुले होती.

असे का झाले? कोविडच्या २०२० व २०२१ या वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले. जगभरात २०२१ या एका वर्षात सुमारे ४ कोटी मुलांचा गोवराचा एखादा तरी डोस चुकला. दाट वस्ती, कुपोषण, स्थलांतर आणि लसीविषयीच्या अफवा यांची त्यात भर पडली. साथ आटोक्यात आणण्यासाठी जोखमीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला. काही ठिकाणी तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक वेगळा डोस द्यावा लागला. १५ डिसेंबर २०२२ पासून राज्यात विशेष मोहीम दोन फेऱ्यांत घेण्यात आली. साथ ओसरली, पण एकदा मोहीम झाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही.

आफ्रिकेचा धडा

हा मुद्दा समजून घ्यायला आफ्रिकेतील देशांचा अनुभव फार उपयोगी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या साहाय्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सुमारे २० देशांत देवी आणि गोवर यांविरुद्ध एकत्र मोहीम झाली. त्यांतल्या गांबिया या चिमुकल्या देशाने १९६७ च्या सुमारास गोवराचा प्रसार चक्क थांबवून दाखवला. पुढे बाहेरची मदत संपली, लसीकरण ढिले पडले आणि गोवर परत आला. देवी गेली ती कायमची गेली. गोवर मात्र दाराबाहेर थांबून होता.

२००१ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून गोवराविरुद्ध नवी आघाडी उघडली. आफ्रिकेत गावोगावी मोहिमा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० साली आफ्रिकेत गोवराने सुमारे ३ लाख ९६ हजार मृत्यू झाले होते. २००६ पर्यंत हा आकडा सुमारे ३६ हजारांवर आला. सहा वर्षांत ९१ टक्के घट झाली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे यश क्वचितच मिळते.

पण यशानंतर हात सैल पडला. मलावीत गोवर जवळजवळ नाहीसा झाला होता. तेथे २०१० साली एक लाखाहून अधिक रुग्ण झाले. मादागास्करमध्ये २०१८-१९ मध्ये पुन्हा एक लाखाहून अधिक. त्या देशाच्या नेहमीच्या वेळापत्रकात तेव्हा दुसरा डोसच नव्हता आणि पहिला डोसही बऱ्याच मुलांपर्यंत पोहोचत नव्हता. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१९ मध्ये सुरू असलेल्या साथीत ६,००० हून अधिक माणसे दगावली, त्यांत मुलेच जास्त. त्याच सुमारास तेथे इबोलाची साथ होती. जगाचे लक्ष इबोलाकडे होते, पण गोवराने त्याहून जास्त बळी घेतले. २०२२ साली, आपल्याकडे गोवंडीत साथ होती त्याच वर्षी, झिंबाब्वेत ७०० च्या वर मुले गेली. तेथील काही धार्मिक पंथांचा लसीला विरोध होता. पुढे तेथील सरकारला धर्मगुरूंची व गावच्या मुखियांची मदत घ्यावी लागली.

या सगळ्यात एक चांगली बातमीही आहे. केप व्हर्दे, मॉरिशस आणि सेशेल्स हे तीन द्वीपदेश गोवर-रुबेलामुक्त झाल्याचे २०२५ साली मान्य करण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागात हा मान मिळवणारे ते पहिले देश. गरिबी-श्रीमंतीचा हा प्रश्न नाही असे मी म्हणणार नाही. पण चिकाटीने दोन्ही डोस दिले तर गोवर हटतो, हे त्यांनी दाखवून दिले. भारताचे उद्दिष्ट २०२३ चे होते. ते साधले नाही आणि पुढे २०२६ वर गेले.

आपल्याकडे डोस कोठे चुकतो?

मोहने, अटाळी, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले की उत्तर सापडते. बाळंतपणासाठी सून माहेरी जाते. तिकडे सुरुवातीचे डोस होतात, कार्ड तिकडेच राहते आणि नवव्या महिन्याचा डोस दोन गावांच्या मध्ये हरवतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कुटुंबे कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांची मुले गावच्या यादीत असतात, पण गावात नसतात. येथे असतात, पण येथल्या यादीत नसतात.

दुसरी अडचण लसीच्या बाटलीची. ही लस भुकटीच्या रूपात असते. त्यात पाणी मिसळले की चार तासांत ती वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका बाटलीत अनेक मुलांचे डोस असतात. म्हणून काही वेळा नर्सबाई ठरलेल्या दिवशी यायला सांगतात. रोजंदारीवरच्या आईचा एक खाडा झालेला असतो, दुसरा तिला परवडत नाही. एखाद्या शेजारणीने किंवा आजीने बाळाला घेऊन जाण्याची जबाबदारी उचलली, तर हा डोस चुकणार नाही.

तिसरी अडचण दीड वर्षाच्या डोसाची. मूल चालू-बोलू लागलेले असते, वर्षभराचे डोस झालेले असतात, आणि 'सगळे झाले' असे घरच्यांना वाटते. दुसरा डोस चुकतो तो बहुधा असाच, नकारापेक्षा विसरण्यामुळे.

गोवर झालाच तर

'देवी आली आहे, औषध देऊ नका', 'आंघोळ नको', 'जेवण बंद ठेवा', 'गोवर पोटात जाईल' असे सल्ले अजूनही ऐकू येतात. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबून राहू नये. मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. त्याने डोळे वाचतात आणि मृत्यूचा धोका कमी होतो. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. पातळ खिचडी, पेज, डाळीचे पाणी थोडे थोडे वरचेवर द्यावे. जुलाब असतील तर जलसंजीवनी द्यावी. कोमट पाण्याने अंग पुसावे. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला इतर मुलांत मिसळू देऊ नये. श्वास जोरात चालणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, झटके, सुस्ती, काहीच न पिणे यांपैकी एक जरी खूण दिसली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. घरात लस न झालेले दुसरे मूल असेल, तर रुग्णाशी संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत लस दिल्यास त्याचा बचाव होऊ शकतो.

लसीनंतर सात ते बारा दिवसांनी थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते. ते आपोआप जाते. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असेल म्हणून लस पुढे ढकलू नये. या लसीमुळे पुढे मूल होत नाही, ही २०१८ च्या मोहिमेत मोबाईलवर फिरलेली अफवा निखालस खोटी आहे.

तेव्हा वाचकहो, घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर त्याचे कार्ड आजच काढून पाहा. गोवर-रुबेलाच्या दोन नोंदी दिसल्या पाहिजेत. एकच असेल किंवा कार्ड सापडत नसेल, तर आशाताईंना विचारा किंवा महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा. वेळ टळली असली तरी पाच वर्षांपर्यंत हे डोस तेथे मोफत मिळतात. दोहोंत किमान एक महिन्याचे अंतर हवे. जमल्यास शेजारच्या भाडेकरूंच्या आणि भट्टीवरच्या मुलांचीही चौकशी करा. त्यांचा चुकलेला डोस हा आपल्याही मुलाचा धोका असतो.