भंडाऱ्याचा उमेदवार आणि फिलाडेल्फियाची घटना

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि गोंदियाही त्यातच होते. मतदारसंघ दोन सदस्यांचा, प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बोरकरांकडून हरलेले उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्या पराभवाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. या उमेदवाराने अमेरिकेच्या घटनेवर केलेला विचार मात्र फारसा वाचला जात नाही. त्या घटनेकडे इतक्या आदराने आणि तरीही इतक्या निर्भयपणे पाहणारा दुसरा मराठी माणूस मला दिसत नाही.

अमेरिकेकडे पाहण्याची ही वाट जोतीराव फुल्यांनी पाडली होती. त्यांनी अमेरिकी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता थॉमस पेन वाचला आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केले. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी तिथले प्राध्यापक चार्ल्स बिअर्ड यांचा ग्रंथ आला. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांच्या मालमत्तेचे हितसंबंध त्यांनी त्यात उघड मांडले होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारताच्या घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी तो अमेरिकेच्या घटनेशी ताडून पाहिला. तिथे दुहेरी नागरिकत्व आणि प्रत्येक राज्याची वेगळी घटना. इथे एकच नागरिकत्व. अमेरिकेत मूलभूत हक्कांना मर्यादाच नाहीत, असे टीकाकार म्हणत होते. त्यांना आंबेडकरांनी हक्कांनाही मर्यादा असतात असे सांगणारा तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाचा गिटलो खटल्याचा निकाल दाखवला.

पण सर्वांत मोठा फरक कलमांच्या तुलनेत सापडत नाही. फिलाडेल्फियात लिहिलेल्या १७८७ च्या घटनेने प्रतिनिधित्व ठरवताना गुलामाला तीन पंचमांश माणूस मोजले. गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडले, तेही यादवी युद्धानंतर. आपल्याकडे अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम मूळ घटनेतच आले. शिवाय धानाच्या बांधीत राबणाऱ्या मजूर बाईला पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून मालकाइतकेच मत मिळाले. अमेरिकेत ज्यांना घटनेच्या दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्या बाजूने बाबासाहेबांनी तो इतिहास वाचला होता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, ते याच नात्याने.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात ते अमेरिकी मुत्सद्दी जेफरसनकडे वळले. प्रत्येक पिढी स्वतःला बांधून घेऊ शकते, पुढच्या पिढीला नाही, हे जेफरसनचे मत सांगून त्यांनी आपल्या घटनेतील दुरुस्तीची सोपी वाट दाखवली. त्याच भाषणात एका अमेरिकी चर्चची हकीकत आहे. तिथे प्रार्थनेत ‘राष्ट्र’ हा शब्द घातला, तर दुसऱ्याच दिवशी आक्षेप आले आणि तो काढावा लागला. अमेरिकेच्या लोकांनाही आपण एक राष्ट्र आहोत असे वाटत नव्हते; मग हजारो जातींत विभागलेले आपण राष्ट्र कसे, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या मते घटना समितीतला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि बंधुतेशिवाय त्याला उत्तर नाही.

ही भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या १३ व्या खंडात आहेत. भंडारा, पवनी, तुमसर, साकोली इथल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी तो खंड कपाटातून काढून मुलांच्या हाती द्यावा.