महिषासुराचे मोकळे पाय

चित्रकार तैयब मेहतांच्या महिषासुर मालिकेतल्या चित्रासमोर उभं राहिलं की डोळे आधी विजय शोधतात. तुळजापूरच्या भवानीपासून नवरात्रातल्या मंडपापर्यंत देवी वर आणि असुर खाली, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. १९९०च्या दशकातल्या या चित्रांत मात्र देवी आणि रेडा असे गुंतलेत, की हा हात कुणाचा नि ती मांडी कुणाची, हे ठरवताना नजर घसरते. वध चाललाय की मिठी, तेही चटकन सांगता येत नाही.

रेडा म्हणजे अज्ञान, देवी म्हणजे शक्ती, अशी प्रतीकांची यादी घेऊन बसलात तर चित्र दोन मिनिटांत आटपेल. (लिलावातले आकडे घेऊन बसलात तर त्याहून लवकर.) त्यापेक्षा रंग पाहा. सपाट, एकसारखे, कुंचल्याचा फटकारा जवळजवळ पुसलेला. छायाप्रकाश नाही, म्हणून देहाला गोलाई नाही, आणि गोलाई नाही म्हणून कोण पुढे, कोण मागे हा निवाडाही नाही. झटापटीचा सगळा भार रेषेवर येतो. ती एका देहावरून निघते आणि दुसऱ्याची होऊन जाते.

ही रीत सावकाश घडली. १९४७च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जमावानं एका माणसाला ठार मारलेलं तरुण तैयबनी खिडकीतून पाहिलं. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर माणसं कोसळत राहिली. १९५६मध्ये त्यांनी पाय बांधलेला बैल रंगवला. १९७०च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा नेला. मध्ये, १९६८मध्ये, न्यूयॉर्कला अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची चित्रं पाहिली आणि रंगाच्या सपाट विस्तारातली ताकद त्यांना उमगली. १९६९पासून त्यांच्या चित्रात एक तिरका छेद आला, आकृतीला आरपार चिरणारा. १९८४-८५मध्ये शांतिनिकेतनात मुक्काम झाला आणि त्यानंतर काली, महिषासुर अवतरले.

मला वाटतं, तो तिरका छेद महिषासुरात नाहीसा झाला नाही, तो देहांतच मुरला. आणि या रेड्याला नुसता असुर म्हणताना जीभ अडखळते. चाळीसेक वर्षांपूर्वीचा तो बांधलेला बैलच इथे पाय मोकळे करून झगडतोय, तेही थेट देवीशी.