ताडमाड उंची आणि बास्केटबॉल: गैरसमज व वस्तुस्थिती

मुलगा ताडमाड वाढला की गाव कोणतंही असो, सल्ला एकच मिळतो: ‘बास्केटबॉलला घाला, नाव काढेल.’ चीनच्या याओ मिंग आणि सुन मिंगमिंग या दोन बास्केटबॉलपटूंची कारकीर्द पाहिली तर हा सल्ला किती अपुरा आहे ते कळतं.

गैरसमज: याओ मिंग हाच सर्वांत उंच चिनी खेळाडू.
वस्तुस्थिती: याओ २.२९ मीटर, तर सुन २.३६ मीटर, म्हणजे पावणेआठ फूट. २०१३ मध्ये सुन आणि त्याची हँडबॉलपटू पत्नी शू यान यांची जगातलं सर्वांत उंच दांपत्य म्हणून गिनेसच्या जागतिक विक्रमांत नोंद झाली.

गैरसमज: अशी उंची घराण्यातूनच येते.
वस्तुस्थिती: याओच्या बाबतीत ते खरं आहे, त्याचे आईवडील दोघेही उंच आणि बास्केटबॉलपटू. सुनच्या पिट्युटरी ग्रंथीत मात्र गाठ होती. अशा गाठीमुळे वाढीचं संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवतं. २००५ मध्ये अमेरिकेत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

गैरसमज: जितकी उंची, तितकं यश.
वस्तुस्थिती: सुनला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. याओला त्याच लीगमधल्या ह्यूस्टन रॉकेट्स संघाने २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं, कारण त्याच्या हातात कसब होतं. उदाहरणार्थ, फ्री थ्रो घेताना समोर कुणी अडवत नाही. तिथे उंचीपेक्षा सराव बोलतो. याओचे शंभरातले ८३ फ्री थ्रो बास्केटमध्ये पडत. एनबीएतल्याच धिप्पाड शाकील ओनीलचे जेमतेम ५३.

गैरसमज: धिप्पाड शरीराला दुखापतीचं भय नसतं.
वस्तुस्थिती: याओच्या डाव्या पायाच्या हाडाला पुन्हापुन्हा तडे गेले. २००९ मध्ये डॉक्टरांनी हाडांवरचा ताण कमी करण्यासाठी पायाची कमानच खाली आणली. तरीही जुलै २०११ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावं लागलं. २०१६ मध्ये त्याचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती: मूल घरातल्या कुणाहीपेक्षा झपाट्याने वाढत असेल, सतत डोकं दुखत असेल किंवा नजर अधू होत असेल, तर अशी गाठ नाही ना, हे पाहायला मैदानाआधी संप्रेरकतज्ज्ञाकडे न्या. तपासणीत सगळं ठीक निघालं आणि मुलाला स्वतःला आवड असेल, तर खुशाल चेंडू हातात द्या.