‘इकडे बघा, फोटो काढतोय’

मगरिबच्या अजानला दोन-तीन मिनिटे उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी आणि सरबताचे ग्लास मांडलेले असतात. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेली माणसे दुआसाठी हात उचलतात. हल्ली नेमक्या याच वेळी कोणीतरी म्हणते, ‘‘थांबा, आधी फोटो.’’

आमच्याही घरी हेच. परवा अजान झाली तरी धाकटा खुर्चीवर उभा राहून सगळी ताटे फोटोत येतात का ते बघत होता. सासूबाई खजूर हातात धरून थांबल्या होत्या. सूर्य मावळल्यावर रोजा सोडायला उशीर करू नये, अशी पैगंबर मुहंमद (स.) यांची शिकवण आहे. आमच्याकडे मोबाइलने उशीर करायला लावला.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या कमी लक्षात राहिल्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तू अधिक आठवल्या. पण कॅमेऱ्याने वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला, तेव्हा मात्र असे झाले नाही. म्हणजे लक्ष कुठे आहे, हा खरा प्रश्न.

फोटोने माणसे जोडलीही जातात. कोकणातल्या कितीतरी घरांतले कर्ते आखाती देशांत नोकरीला आहेत. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इकडे रत्नागिरीत रोजा सुटतो तेव्हा तिकडे तो अजून कामावर असतो. घरच्या दस्तरखानाचा फोटो पाहून त्याला जे वाटते, त्याला दिखावा कोण म्हणेल?

अडचण होते ती दानधर्मात. रमजानमध्ये बरेच लोक वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मर्यादेपुढच्या बचतीवर अडीच टक्के जकात काढतात. मोहल्ल्यामोहल्ल्यांत तांदूळ, डाळ, तेल, शेवया यांच्या पिशव्या वाटल्या जातात. आमच्या वाटपात मीही होते. एका बाईंची पाळी आली. ‘‘इकडे बघा, फोटो काढतोय,’’ असे कोणीतरी म्हणाले. त्यांनी पदर पुढे ओढला, तरी चेहरा आलाच. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. बाजारात भेटल्या तेव्हा मी विचारले. म्हणाल्या, ‘‘आपा, तो फोटो माझ्या मुलीच्या वर्गात फिरला. तांदूळ महिन्याभरात संपले. फोटो अजून आहे.’’

मला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी फोटोत हसऱ्या चेहऱ्याने उभी असलेली मीच होते.

कुरआनात, सूरह बकरामध्ये, उघड दान चांगलेच मानले आहे. पण गुपचूप गरजूपर्यंत पोचवलेले अधिक चांगले, असे सांगितले आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही हदीसही बहुतेकांनी ऐकलेली असते. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या सत्कर्माला ‘रिया’ म्हणतात, आणि ते सत्कर्माला पोखरते.

देणगीदारांना हिशेब हवा, हेही रास्तच. पण हिशेबाला चेहरा कशाला? दुकानाचे बिल, बांधलेल्या पिशव्यांची रांग, किती घरांत पोचल्या तो आकडा एवढे पुरते. दिवाळीचा फराळ वाटणाऱ्यांना, शाळेत वह्या देणाऱ्यांना, पूरग्रस्तांना मदत नेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. घेणाऱ्याच्या जागी आपली आई उभी आहे असे समजून एकदा तो फोटो बघावा.

यंदा आमच्या वाटपात कॅमेरा नव्हता. इफ्तारनंतर आम्ही दोघी-तिघी घरोघर गेलो. त्या बाईंच्या दारात त्यांची मुलगी आली. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिले. मोबाइल नाही म्हटल्यावर पिशवी घेतली आणि म्हणाली, ‘‘आपा, अशा जाऊ नका. सरबत घेऊन जा.’’