बहिरेपणावरील जनुक उपचार : आशा कोणाला?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या ६ बालकांवर शांघायमधील फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात जनुक उपचार करण्यात आले. त्यांपैकी ५ बालकांची श्रवणक्षमता सुधारल्याचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या बालकांच्या ‘ओटीओएफ’ जनुकात दोष होता. त्यामुळे ओटोफर्लिन हे प्रथिन तयार होत नाही. परिणामी अंतर्कर्णातील केशपेशी ध्वनी टिपतात. मात्र त्याचा संदेश श्रवणचेतेपर्यंत पोहोचत नाही. उपचारात निरुपद्रवी विषाणूद्वारे निर्दोष जनुक अंतर्कर्णात सोडले जाते. ते एका विषाणूत मावत नसल्याने त्याचे दोन भाग स्वतंत्रपणे पाठवले जातात आणि पेशीत जोडले जातात.

आनुवंशिक बहिरेपणाच्या इतर प्रकारांना हा उपचार लागू नाही. भारतात अधिक आढळणारा ‘जीजेबी२’ जनुकातील दोषही त्यात येतो. त्यामुळे जनुकीय चाचणी निर्णायक ठरते.

ओटोफर्लिनच्या अभावात केशपेशी शाबूत असल्याने नवजात बालकांची ‘ओएई’ श्रवणचाचणी सामान्य येऊ शकते. त्यानंतरही बाळ आवाजाला प्रतिसाद देत नसल्यास ‘बेरा’ तपासणी आवश्यक असते. भाषा आत्मसात करण्याची सुरुवातीची वर्षे मोलाची असल्याने नव्या उपचाराच्या प्रतीक्षेत कॉक्लिअर इम्प्लांट वा सांकेतिक भाषेचे शिक्षण लांबवणे हिताचे नाही.