मॅन्क्स नॉर्टन : एका सिलिंडरची शर्यतगाडी

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. १९०७ साली तेथे मोटरसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांचा आजचा मार्ग म्हणजे शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेले मैदान नव्हे. गावांमधून, दगडी कुंपणांना खेटून, डोंगर चढून उतरणारा सुमारे ६० किलोमीटर लांबीचा तो सार्वजनिक रस्ताच होय. या बेटाच्या रहिवाशांना व वस्तूंना ‘मॅन्क्स’ म्हणतात. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कारखान्याने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या शर्यतगाडीला हेच नाव दिले.

गंमत अशी, की १९०७ साली नॉर्टनने तेथे पहिला विजय मिळवला तो दोन सिलिंडरांच्या फ्रेंच इंजिनावर. एकाच सिलिंडरवरची निष्ठा नंतरची. आपल्याकडील वाचकांना बुलेट गाडीच्या धीरगंभीर ठोक्यांमुळे अशा इंजिनाची ओळख आहेच. परंतु मॅन्क्सचे अंतरंग निराळे. साध्या इंजिनात झडपा उघडण्यासाठी खालून लांब दांडे वर ढकलले जातात. वेग वाढला, की ही लवचिक रचना झडपांना वेळेवर हलवू शकत नाही. मॅन्क्समध्ये कॅम थेट सिलिंडरच्या माथ्यावर बसवलेले असत आणि एक उभा दंड शंक्वाकार दंतचक्रांच्या साहाय्याने त्यांना खालून गती देत असे. १९५४ साली ५०० घ. सेंमी. इंजिनात दट्ट्याचा प्रवास १०० मिलिमीटरवरून ८५.६ मिलिमीटरवर आणला गेला आणि सिलिंडरचा व्यास वाढवण्यात आला. त्यामुळे दट्ट्याच्या गतीवरील ताण न वाढवता फेरे वाढवता आले.

तथापि या गाडीची खरी थोरवी तिच्या सांगाड्यात आहे, असे म्हणावे लागेल. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी पोलादी नळ्यांच्या दोन समांतर वेटोळ्यांचा सांगाडा रचला. १९५० साली तो शर्यतीत उतरला. हॅरल्ड डॅनियल या स्वाराला त्यावर बसणे म्हणजे पिसांच्या गादीवर बसणे वाटले, आणि ‘फेदरबेड’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी जेफ ड्यूकने बेटावरील मुख्य शर्यत जिंकली. १९५१ मध्ये तो ३५० आणि ५०० या दोन्ही वर्गांत जगज्जेता ठरला. इटलीच्या चार सिलिंडरी गाड्यांची शक्ती अधिक होती, पण वळणावर त्यांना नॉर्टनची सर नव्हती. पुढे इटालियनांनी सांगाडेही सुधारले, आणि १९५३ मध्ये ड्यूक स्वतःच गिलेराकडे गेला.

१९५४ नंतर कारखान्याचा अधिकृत संघ जागतिक शर्यतींत राहिला नाही. विकलेल्या गाड्या मात्र धावतच राहिल्या. १९६१ साली माइक हेलवुडने मॅन्क्सवर ताशी १६० किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाने बेटावरील मुख्य शर्यत जिंकली. आघाडीवरची चार सिलिंडरी गाडी वाटेत बिघडली होती, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या एकदोन वर्षांत उत्पादन थांबले. तरीही १९६९ साली गॉडफ्रे नॅशने युगोस्लाव्हियातील जागतिक शर्यत मॅन्क्सवरच जिंकली. नॉर्टन हे नाव २०२० पासून चेन्नईच्या टीव्हीएस मोटर कंपनीच्या मालकीचे आहे.

जुन्या मॅन्क्स आजही शर्यतीत उतरतात, आणि येथेच पुनर्बांधणीचा कठीण प्रश्न उभा राहतो. वजन कमी व्हावे म्हणून इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतलेले असे. दमट हवेत तो धातू कुरतडला जातो, त्याला तडे जातात. दट्ट्याला जोडणारा दांडाही वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी थकतो. भर वेगात तो तुटला तर मागचे चाक जागच्या जागी जखडते; क्लच दाबायला स्वाराला क्षणभरही मिळाला नाही, तर परिणाम उघड आहे. म्हणून कुशल कारागीर नवे कवच ओततात, नवा दांडा घडवतात, मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवतात, उघड्या साखळीच्या जागी पट्टा घालतात. अशी गाडी मूळ गाडीपेक्षा अधिक शक्तिमान आणि विश्वासार्ह असते. ती मूळचीच गाडी म्हणावी काय, यावर जाणकारांत वाद होतात. प्रस्तुत लेखकाला स्वाराच्या जिवापुढे तो वाद गौण वाटतो. बाजार तसे मानत नाही: इंजिनावर आणि सांगाड्यावर ठोकलेले मूळ क्रमांक शाबूत असतील, तर किंमत कितीतरी वाढते. त्यामुळे काही मालक नव्या कवचावर शर्यत धावतात, आणि क्रमांक कोरलेले जुने कवच तेल लावून घरच्या फळीवर ठेवून देतात.