विमानवाहू नौकेचा वेग आणि विमानाचे उड्डाण

सातपुड्याच्या पायथ्याशी, समुद्रापासून दूर असलेल्या चोपड्यात नौकेचा विषय निघाला की विद्यार्थी हमखास एक शंका काढतात. विमान नौकेवरच उभे असते, नौकेबरोबरच चालते. मग नौका मंद चालली काय किंवा वेगाने चालली काय, उड्डाणास त्याचे काय?

या शंकेचे मूळ काही अंशी भाषेत आहे. ‘वेग’ हा शब्द आपण एकटाच वापरतो. कशाच्या मानाने, हे वाक्यात अध्याहृत ठेवतो. विमानाच्या पंखांना मात्र हे अध्याहृत चालत नाही. त्यांना डेकच्या मानाने किंवा पाण्याच्या मानाने असलेल्या वेगाशी कर्तव्य नसते. अंगावरून वाहणाऱ्या हवेच्या मानाने जो वेग असेल, त्यावरच त्यांची उचल अवलंबून असते. संक्रांतीच्या दिवसांत वारा पडला की पोर पतंगाची दोरी धरून धावू लागते. धावून ते पतंगापुरता वारा उत्पन्न करते. नौकाही हेच करते. उड्डाणाच्या वेळी ती वाऱ्याला सामोरी वळते, म्हणजे वाऱ्याचा व तिचा वेग यांची बेरीज विमानाला फुकट मिळते. मग लक्ष्य विरुद्ध दिशेला असले तरी तेवढा काळ तिकडे पाठ फिरवावी लागते!

या बेरजेचे मोल पहिल्या ‘विक्रान्त’च्या इतिहासात उत्तम दिसते. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेल्या या नौकेचा कमाल वेग सुमारे २४.५ नॉट होता. १९७० साली मुंबईच्या गोदीत तिच्या बॉयलरांच्या जलपिंपांना तडे गेल्याचे आढळले. पुढे १९७१ च्या चाचण्यांनंतर वाफेचा दाब मर्यादित करण्यात आला आणि वेग सुमारे १४ नॉटांवर आला.

दहा नॉटांची ही तूट किरकोळ वाटते. केवळ समजुतीसाठी असे धरू की, विमानाला उड्डाणास हवेच्या मानाने १०० नॉट वेग हवा आणि डेकवरील कॅटापुल्ट त्यातील ७५ नॉट देतो. वारा मुळीच नसता २५ नॉटांनी चालणारी नौका हिशेब पुरा करते. १४ नॉटांनी चालणारी ८९ वरच थांबते. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सुमारे एक-पंचमांशाने घटते. तेव्हा इंधन किंवा बॉम्ब कमी करावेत, नाहीतर वाऱ्याची वाट पाहावी. शिवाय ‘विक्रान्त’चा कॅटापुल्टही वाफेवरच चाले, म्हणजे डेकवरचा जोर आणि नौकेची चाल या दोहोंचा आधार तेच दुखरे बॉयलर होते.

या स्थितीतही नौका बंगालच्या उपसागरात नेण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्धचे आक्षेप भित्रेपणाचे नव्हते, असे मला वाटते. संथ नौका पाणबुडीच्या दृष्टीनेही सोपे लक्ष्य असते. बॉयलरांना पोलादी पट्ट्यांनी आवळण्यात आले, आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झालेल्या नव्या ‘विक्रान्त’वर कॅटापुल्ट नाही. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावते आणि डेकच्या वर वळलेल्या टोकावरून झेपावते. बेरजेतील एक संख्याच तेथे गळाली आहे. साहजिकच उरलेल्यांवर, म्हणजे इंजिन, वारा आणि नौकेचा सुमारे २८ नॉटांचा वेग यांवर, भार अधिक पडतो.